मागायचा नसलेला अडकित्ता

जो माणूस पान खात नाही, तंबाखू मळत नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, त्याला दुसऱ्याच्या अडकित्त्याशी काय कर्तव्य, सांगा! पण आमच्या फाटकावरच्या म्हादबाला होतं. कर्तव्य कसलं, वेडच होतं ते.

मी पिंपरीला नोकरीला लागलो तेव्हा आमचा कारखाना पुरता उभाही राहिला नव्हता. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला मैलभर माती उकरलेली, मध्येच दोन मोठ्या शेड, आणि सगळ्याच्या आधी बांधून झालेलं लोखंडी फाटक. ही पंचावन्न-छप्पन सालातली गोष्ट. मी मूळचा श्रीवर्धनकडचा, म्हणजे सुपारीच्याच मुलखातला. स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला, सगळ्यांबरोबर मीही फाटकाशी आलो. तिथं झडती चालू होती. माझी पाळी आली तसा लाल मुंडाशातला एक उंच, जरासा पोक आलेला शिपाई म्हणाला, "चंची सोडा, भाऊसाहेब."

सोडली. त्यानं पानाला हात लावला नाही, डबीला लावला नाही. अडकित्ता तेवढा उचलला आणि म्हणाला, "वाईच बगू." उजेडाकडं धरला, उघडला, मिटला, मुठीच्या टोकांवरून अंगठा फिरवला, आणि स्वतःशीच पुटपुटला, "ह्यो न्हाई." माझा मला परत दिला.

"काय नाही?" मी विचारलं.

"काई न्हाई, भाऊसाहेब. जावा तुमी."

आता मला कुणी असं अर्धवट बोललं की रात्रीचं जेवण गोड लागत नाही. हा स्वभावाचा दोष म्हणा की कोकणी खोड म्हणा. तेव्हापासून मी म्हादबाच्या मागं लागलो.

माणूस मोठा न्यारा होता. सरकारी खाकी कोट तो घालायचा, पण खाली धोतर. बूट मिळाले होते, ते फाटकाच्या गजाला नाडीनं टांगलेले असायचे, कारण ते चावतात. मोटारीचा हॉर्न ऐकू आला की बूट पायांत, साहेब आत गेला की बूट पुन्हा गजावर. एकदा घाईत डावा-उजवा चुकला, आणि तसाच सलाम ठोकून उभा राहिला. साहेबाला काही कळलं नाही. आम्ही मात्र पोट धरून हसलो.

दिवसभर चंच्या उघडून उघडून त्याला सगळ्या कारखान्याची घरं ठाऊक झाली होती. पानं सुकलेली दिसली की म्हणे, "काय राव, मंडळी म्हायेराला गेल्याती जनू." कुणाच्या चंचीत एकाएकी वेलदोडा आला की, "पोरगा झाला वाटतं!" बहुतेक वेळा खरं निघायचं. चुकलं तरी त्याचं काही बिघडत नसे. "न्हाई? मग व्हईल की," म्हणायचा आणि पुढच्याची चंची उघडायचा.

बॉयलरवर एक जागा रिकामी झाली. पगार जास्त, काम सावलीतलं. म्हादबाला विचारलं, तर तो सरळ नको म्हणाला. हेडक्लार्कनं कपाळाला हात लावला. "अरे, लोक पाया पडतात त्या जागेसाठी!" म्हादबा म्हणाला, "पडू द्या. तिथं आत माझ्याम्होरं चंची कोन सोडंल?" लोकांनी तो किती कर्तव्यदक्ष आहे म्हणून वाखाणणी केली. मला मात्र संशय आला.

मग एक मोठा साहेब नव्यानं आला, मद्रासकडचा. त्याला पानाचा शौक. त्याच्या मोटारीत चांदीचा डबा आणि चांदीचा अडकित्ता. दुसऱ्याच दिवशी म्हादबानं मोटार थांबवली, काचेतून मान आत घातली आणि म्हणाला, "सायेब, वाईच बगू." साहेबाला मराठी येत नव्हतं, पण झडती कळत होती. तो लालबुंद झाला. मी चोर आहे का, म्हणून इंग्रजीत गरजला. मी नेमका मागं उभा होतो. म्हादबाची नोकरी जाते की राहते अशी वेळ, तेव्हा तोंडाला येईल ते बोललो. साहेबाला म्हटलं, हा इकडचा रिवाज आहे. नव्या थोर माणसाचा अडकित्ता गावच्या वडीलधाऱ्यानं बघायचा असतो, शुभ असतं. साहेब जो खूश झाला! त्यानंतर रोज संध्याकाळी मोटार थांबवून तो आपणहून अडकित्ता बाहेर काढायचा, आणि म्हादबाला तो रोज बघावा लागायचा. "ह्यो न्हाई," म्हादबा पुटपुटायचा. साहेबाला वाटायचं आशीर्वाद देतोय.

एवढं केल्यावर खरी गोष्ट ऐकायचा माझा हक्क झालाच. एका दुपारी मी त्याच्या दगडावर जाऊन बसलो. म्हटलं, "म्हादबा, आता सांगा. नाही तर साहेबाला खरं काय ते सांगतो."

तो हसला. आणि बूट गजाला अडकवत सांगू लागला.

म्हादबा चऱ्होलीचा. त्याचा बाप गावचा पाटील नव्हता, कुणी पुढारी नव्हता. पण पंचक्रोशीत कुणाचंही लग्न जमलं की सुपारी फोडायला त्याला बोलावणं असे. आमच्याकडं साखरपुडा म्हणतात, इकडं सुपारी फुटली की लग्न पक्कं. म्हाताऱ्याचा एक पितळी अडकित्ता होता, दोन्ही मुठींना मोरांच्या माना. त्यानं फोडलेली सुपारी कधी वाया गेली नाही, मोडलेलं लग्न नाही की परत आलेली पोर नाही, अशी लोकांची समजूत. म्हाताऱ्याला जाणं जमलं नाही तर लोक नुसता अडकित्ता मागून नेत. काम झालं की नारळ-सुपारीसकट परत आणून देत.

"आन् बाचा एक नेम व्हता," म्हादबा म्हणाला. "मंगल कार्याला दिलेली वस्तू आपुन मागायची न्हाई. मागितली म्हंजी दिलेला आशीर्वाद मागं घेतल्यावानी हुतं. ती आपल्या पायानं येती. आली तर आपली."

लढाईच्या दिवसांत म्हादबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होता. तो तिकडं असताना इकडं घरी कुणीतरी लांबचा माणूस बैलगाडी घेऊन आला आणि अडकित्ता घेऊन गेला. म्हातारा त्यानंतर तापानं आजारी पडला तो उठलाच नाही. म्हादबा घरी पोचला तेव्हा खुंटी रिकामी. कुणी नेला? म्हाताऱ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हादबाची बायको बायजा घरातच होती, पण सासऱ्याकडं परका पुरुष आल्यावर सून सोप्यात थोडीच येते! तिनं बैलांची घुंगरं तेवढी ऐकली होती.

"मग विचारायचं की चार गावांत," मी म्हणालो.

"इचारलं म्हंजी मागितलंच की, भाऊसाहेब. बगू म्हनलं तर चालतं. बगायला बंदी न्हाई."

"पण ओळखणार कसा? मोराच्या मुठीचे अडकित्ते पुष्कळ असतात."

तर म्हणाला, "एका मोराला चोच न्हाई. मीच तोडली, ल्हान असताना, दगडावर आपटून. मला वाटलं, बा आता सोलून काढतोय. तर बानं तुटक्या चोचीवर अंगठा फिरवला आन् म्हनला, बरं झालं. आता कुटं बी गेला तरी आपला वळखू येईल."

हे सांगताना त्याचा स्वतःचा अंगठा हवेत फिरत होता. मला त्याच्याबद्दल त्या दिवसापासून माया वाटायला लागली, खोटं कशाला बोलू.

पण या नादापायी घरात काय चाललं होतं, ते मला बायजाबाईकडून कळलं. म्हादबा एकदा जेवण विसरून आला, तेव्हा ती भाकरी घेऊन चऱ्होलीहून थेट फाटकावर आली. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. मी दिसलो तशी माझ्याकडंच वळली.

"तुमी शिकल्यालं हायसा, तुमीच सांगा ह्यास्नी. पोरीनं इशी गाठली. तिच्या बरुबरीच्या पोरींच्या कडंवर पोरं हायती. ह्यांचं आपलं एकच, हौसाची सुपारी त्याच अडकित्त्यानं फोडायची. सासऱ्यानं तिला पाळन्यात बघून म्हनलं व्हतं म्हनं, हिची सुपारी माजा अडकित्ता फोडनार."

"म्हनला व्हता," म्हादबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

"तुमची-माजी बी त्यानंच फोडली! काय दिवं लागलं ते दिसतंयाच की!"

म्हादबा जेवत राहिला. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊसाहेब, म्होरल्या आइतवारी हे चाकनच्या पल्याड एक स्थळ बगाया चालल्यात. तुमी जावा संगं. मला येवढंच येऊन सांगा, ह्यांनी पोरगा बगितला का. आजपातूर येवढी घरं पालथी घातली, एका बी घरी पोरगा बगितला न्हाई. पानाचं तबक बगत्यात आन् उटून येत्यात!"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीला स्थळ बघायला गेलं की घरोघर पानाचं तबक पुढं येतं, तबकात अडकित्ता असतोच. म्हादबाला पंचक्रोशीतल्या सगळ्या घरांत शिरायला याहून चांगली वाट नव्हती. आणि अडकित्ता आपला नाही असं दिसलं की त्याच्या लेखी ते स्थळही संपलं. बिचारी पोरगी मात्र या भानगडीत घरात बसली होती.

रविवारी सकाळी मी सायकल घेऊन चऱ्होलीला गेलो. हौसानं पाण्याचा तांब्या पुढं केला. सावळी, बापासारखी उंच, डोळ्यांत मिश्कीलपणा. बाप धोतर नेसायला आत गेला तेव्हा हळूच म्हणाली, "दादास्नी म्हनावं, माजं सासर हुडकायला निगालाय का आज्ज्याचा अडकित्ता, ते एकदा ठरवा."

"तूच का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर दादा रडत्याल," ती म्हणाली. आणि हसली, पण हसू काही खरं नव्हतं.

मोशीला इंद्रायणी ओलांडून आम्ही चाकणच्या रस्त्याला लागलो. दोघांच्या दोन सायकली, म्हादबाच्या पायांत सरकारी बूट. सबंध रस्ता तो मला बटाट्याच्या वाफ्यांबद्दल सांगत होता. चाकणच्या पलीकडं वाडीत ते घर होतं. खाऊन-पिऊन सुखी, पत्रा नवा, अंगणात कांद्यानं भरलेली गाडी. घरधन्यानं घोंगडी अंथरली, पाणी झालं, चहा झाला. मी "शिकलेले पाहुणे" म्हणून मधोमध बसलो होतो आणि पोरगा कुठं दिसतो ते बघत होतो. म्हादबा आतल्या दाराकडं बघत होता.

तबक आलं. पानांच्या चवडीवर पितळी अडकित्ता, दोन मोर.

म्हादबानं हात पुढं केला. "वाईच बगू."

त्यानं तो उचलला. या खेपेला उजेडाकडं धरला नाही की उघडला नाही. नुसता अंगठा फिरवला आणि तिथंच थांबला. मी वाकून पाहिलं. एका मोराला चोच नव्हती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हादबानं माझा गुडघा असा दाबला की चार दिवस दुखत होता.

घरधनी म्हणाला, "लई गुनाचा हाय बरं का त्यो. थोरल्याच्या सुपारीला आमच्या म्हाताऱ्यानं कुटनंसा आनला. त्याच साली म्हातारा गेला, पर अडकित्ता ऱ्हायला. आता धाकट्याची बी त्यानंच फोडायची." मग जरा पुढं सरकून म्हणाला, "पावनं, घर तुमी बगितलं. मानसं बगितली. तुमच्या मनात आसंल तर शुभस्य शीघ्रम्. आत्ताच फोडू की सुपारी! अडकित्ता तुमच्या हातातच हाय."

म्हादबाचे डोळे भरून आले होते. बापाचा अडकित्ता हातात, समोर सुपारी, पोरीचं लग्न. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दुसऱ्यांच्या चंच्या उघडल्या, ते सगळं एका तबकात येऊन बसलं होतं. मी मनात म्हटलं, घ्या, आलाच की आपल्या पायानं!

तेवढ्यात अंगणात आरडाओरडा झाला. धाकटा, म्हणजे नवरा मुलगा, गाडी मागं घेत होता. गडी अंगानं उभा-आडवा. डावा बैल काही केल्या मागं सरेना. पोरानं एकदा शिवी दिली, दुसऱ्यांदा शेपूट पिरगाळली, आणि मग हातातल्या काठीचा बुंधा बैलाच्या तोंडावर घातला. पुन्हा घातला. बैल गुडघ्यावर आला, नाकातून रक्त आलं. तरी तो मारतच राहिला.

घरधनी हसला. "जरा तापट हाय. बायकू आली की निवंल."

म्हादबा त्या पोराकडं बघत राहिला. आजवर एकाही घरात त्यानं पोराकडं इतकं निरखून बघितलं नसेल. मग त्यानं अडकित्ता पुसला, हो, धोतराच्या सोग्यानं नीट पुसला, आणि पानांवर पहिल्यासारखा ठेवून दिला.

"चांगला हाय," म्हणाला. "पर सुपारी नगं. मी पान खात न्हाई." आणि हात जोडून उठला.

वाडीबाहेर आल्याबरोबर मी त्याला धरलं. "अहो, मुलगी देऊ नका. बरोबर केलंत. पण अडकित्ता आपला आहे एवढं तरी सांगायचं होतं! मागायचं नाही, मान्य. सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं म्हंजी त्यांचा म्हातारा चोर ठरतो. परत करायच्या आधीच मेला बिचारा. मेल्यालं मानूस जबाब द्याया येत न्हाई, भाऊसाहेब." थोडं चालल्यावर म्हणाला, "आन् बानं दिला व्हता तो. माज्या हातानं मागं घेऊ?"

मोशीला नदीवर आलो तसा तो सायकल टाकून पाण्यात उतरला आणि तोंड धुऊ लागला. धुता धुता रडायलाच लागला, चांगला हुंदके देऊन. मी काठावर उभा. त्यानं काढून टाकलेले बूट उचलून हातात धरले. नदीच्या पाण्यात माझ्याही डोळ्यांतलं पाणी पडलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण मी लांब होतो.

वर आल्यावर त्यानं मला बजावलं. "घरी काई बोलायचं न्हाई. घावला न्हाई म्हनायचं."

"का?"

"हौसाला कळलं तर तिला जलमभर वाटंल, माज्यापायी दादांनी आज्ज्याची वस्तू सोडली. बायजाला कळलं तर उद्या गाडी जुपून त्या वाडीवर भांडाया जाईल. तुमी बायजाला वळखत न्हाई."

चऱ्होलीत बायजाबाई दारातच उभी होती. म्हादबाकडं न बघता मला म्हणाली, "बगितला का पोरगा?"

उत्तर म्हादबानंच दिलं. "बगितला. नीट बगितला. नगं."

बाई मटकन उंबऱ्यावरच बसली. तिच्या संसारात नवऱ्यानं प्रथमच मुलगा बघून स्थळ मोडलं होतं. आतून हौसानं विचारलं, "दादा, अडकित्ता घावला का?"

"न्हाई गं," म्हादबा म्हणाला. "त्यो न्हाई."

पुढं दोन-तीन महिन्यांत सांगवीचा एक मुलगा ठरला. गरीब घर, चार म्हशी, मुलगा दूध घेऊन पहाटे खडकीला जायचा. म्हादबा त्याला बघायला चार खेपा गेला. एकदा तर धार काढतानाच गोठ्यात जाऊन बसला. म्हशीशी कसा बोलतो ते ऐकायचं होतं म्हणे! परत आला तो मला म्हणाला, "गोड बोलतो, भाऊसाहेब. म्हशीसंगं बी गोड बोलतो."

सुपारी फोडायच्या दिवशी मी गेलो होतो. सगळं जमलं, आणि ऐन वेळी कळलं की त्या घरात अडकित्ताच नाही. शेजारी आणायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं आला. मुलाचा बाप शरमून गेला. माझा हात खिशातल्या चंचीकडं, माझ्या अडकित्त्याकडं गेला होता, पण म्हादबानं नजरेनंच नको म्हटलं. तो उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन वरवंटा मागून आणला, पाट मांडला, सुपारी मधोमध ठेवली आणि एका दणक्यात फोडली. खांडं चहूकडं उडाली. पोरंसोरं वेचायला धावली, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"फुटल्याशी मतलब!" म्हादबा म्हणाला.

त्या हशात हौसानं बापाजवळ वाकून हळूच म्हटलेलं मला ऐकू आलं. "आज्ज्याचा अडकित्ता आसता तर!"

"घावंल की," तो म्हणाला. "कुटं जातोय?" आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता हा बॉयलरवर जागा मागेल. कशाला मागतो! दुसऱ्या दिवशी फाटकाशी भोंग्याबरोबर पुन्हा तेच, "चंची सोडा. वाईच बगू." मी चक्रावलो. गर्दी सरल्यावर गाठलं. "आता काय बघता, म्हादबा?"

तो बूट काढत म्हणाला, "चऱ्होलीची निम्मी मानसं हितं कामाला हायती. मी बगायचं थांबलो तर सांजच्याला बायजाला कळंल. ती इचारंल, का थांबला, घावला का? आन् बायजानं तोंडावर इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाई."

पुढल्या वर्षी माझी मुंबईच्या ऑफिसात बदली झाली. निरोपाचा हार गळ्यात घालून मी फाटकासमोर एस.टी.ची वाट बघत होतो. गाडी आली, मी खिडकीशी बसलो. पाळी सुटली होती. नव्या भरतीतला कुणी मराठवाड्याकडचा गडी चंची सोडून उभा होता. त्याच्या मागं रांगेत चऱ्होलीची दोन माणसं. म्हादबानं त्याचा अडकित्ता उचलला. उजेडाकडं धरला, उघडला, मिटला, मुठीच्या टोकांवरून अंगठा फिरवला. सगळं अगदी पहिल्यासारखं. फरक एवढाच होता, की पूर्वी तो हे स्वतःशी पुटपुटायचा. आता रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, अगदी हिरमुसलं तोंड करून, त्यानं म्हटलं,

"ह्यो न्हाई."